ओळखा पाहू

अक्रापासून तासाभराचा चढ.
जानेवारीतली धूळ थेट सहारातून चालत आलेली,
डोंगर पुसट, ओल्या फडक्यानं अर्धवट पुसलेल्या पाटीसारखा.
अबुरीच्या फाटकाशी तिकीट, कॅमेऱ्याचे वेगळे पैसे,
आणि लार्बीसाहेब: हिरवा शर्ट, खिशात दोन पेनं,
एकाचं टोपण दुसऱ्याला.

"तीस वर्षं झाडांची ओळख करून देतोय," म्हणाले,
"झाडं अजून मला ओळख देत नाहीत."

उंच पामच्या दुहेरी रांगेतून आम्ही निघालो
कुणाच्या तरी वऱ्हाडात चुकून शिरल्यासारखे.
वऱ्हाड होतंही. केंटे नेसलेली नवरी फोटोसाठी
गवतावर अनवाणी, तिचे बूट धरून कंटाळलेली बहीण,
फोटोवाला ओरडतोय, हसा, अजून हसा.

मग लार्बींचा खेळ सुरू झाला.
पान तोडायचं, चुरगळायचं, नाकाशी धरायचं:
ओळखा पाहू.
दालचिनी, मी म्हटलं.
शाबास.
कापूर.
शाबास. "आता साहेबांना विचारू."

साहेब म्हणजे श्रीरंग.
दोन वर्षांपूर्वीच्या तापात त्याचा वास गेला तो गेलाच.
आमच्याकडे दूध नासलंय का ते मी सांगते.
गॅस मी बघते. तो जेवतो मिठावर आणि सवयीवर.
बँकेत जन्म गेला त्याचा; सगळ्यात जास्त
काय आठवतं विचारलं, तर म्हणाला,
नव्या नोटांचं बंडल फोडल्यावरचा वास.
हे तो बाहेर कुणाला सांगत नाही.

लार्बींनी पान आधी माझ्याकडे, मग त्याच्याकडे धरलं.
त्यानं जाणकारासारखा लांब श्वास घेतला,
डोळे मिटले,
उघडले ते माझ्याकडे बघत.
"मसाला," म्हणाला. "कुठला एक नाही. सगळे मिळून."

लार्बींनी टाळीच वाजवली. ऑलस्पाइस!
मी तोंडातून अक्षर काढलं नव्हतं.
एकतीस वर्षं हा माणूस माझ्या चेहऱ्यावरून
घरात काय शिजतंय ते वाचत आलाय,
एवढं वाचता येतं हे मला ठाऊक नव्हतं.

आणि पुढच्या झाडापाशी मला काय सुचलं देव जाणे.
जायफळाचं पान. मी हुंगलं, आणि चेहरा
कोरा ठेवला. तिकीट-खिडकीवरच्या बाईसारखा.
तो बघत राहिला. कपाळ, भुवया, ओठांचे कोपरे,
सगळीकडे शोधून आला.
"साबण?" म्हणाला.

लार्बी हसले नाहीत.
पान त्यांनी माझ्या हातात दिलं, त्याच्या नाही.
झाडणाऱ्या पोरीला त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाले,
ती खराटा टेकवून बाजूला झाली,
आणि आम्ही वाट सोडून गवतातून चाललो.

पांढरी सावर. बुंध्याच्या भिंती माणसाहून उंच.
"इथलं रान तोडलं तेव्हा हिला ठेवली,
असं माझे आजोबा सांगायचे. का ठेवली
ते मात्र त्यांनाही कुणी सांगितलं नव्हतं."
श्रीरंगला त्यांनी भिंतीला कान लावायला सांगितला
आणि स्वतः पलीकडे दिसेनासे झाले.

मग मूठ आपटली असावी त्यांनी.
मला बाहेरून फक्त थप्प ऐकू आलं,
कुणी ओली गोणी टाकावी तसं.
त्याला काय ऐकू आलं?
त्याचा चष्मा सालीवर तिरका झाला होता,
तोंड थोडं उघडं,
आणि पलीकडून आवाज, ओळखा पाहू,
आणि पुन्हा थप्प, आणि पुन्हा.

तो माझ्याकडे बघत नव्हता.
मी दोनदा खाकरले.

रात्री हॉटेलात पर्समध्ये ते पान सापडलं,
सुकून चुरा व्हायला आलेलं.
तो पलंगावर बसून उद्याच्या बसचं विचारत होता.
सात वाजता, म्हटलं,
आणि त्याच्याकडे पाठ करून
हुंगलं.